महारोग : बायबलमधला आणि आपल्याकडचा

बिलोलीहून निघून येसगीजवळ मांजरा ओलांडली की तेलंगण सुरू होते. पुढे बोधन, मग निजामाबाद, आणि तिथून हैदराबादच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर डिचपल्ली. तिथे टेकडीवर जुने कोरीव राममंदिर आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडची मोठी माणसे मात्र डिचपल्लीचे नाव आवाज उतरवून घेत. ‘अमका डिचपल्लीला गेला’ याचा अर्थ त्याला रक्तपिती झाली, असा होता. गेलेला माणूस बरा होऊन परत आला तरी त्याच्या घरच्या सोयरिकी अडायच्या.

१९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली आणि धर्माबादला गाडीत बसणाऱ्याला डिचपल्ली काही तासांवर आली. वेस्लियन मेथडिस्ट मिशनच्या डॉ. इझाबेल केर आणि त्यांचे पती रेव्हरंड जॉर्ज केर १९०७ मध्ये ब्रिटनहून या भागात आले. निजामाबादला काम करताना कुष्ठरुग्ण दाराशी येऊ लागले. त्यांना ठेवून घ्यायला जागा नव्हती. राजा नरसा गौड या हिंदू दानशूर गृहस्थांनी पैसा दिला, आणि १९१५ मध्ये डिचपल्लीचे रुग्णालय उभे राहिले. रुग्णांना टोचत ते तेल हिडनोकार्पसच्या बियांचे. मराठीत या झाडाला कडू कवठ म्हणतात आणि सुश्रुताने त्याला तुवरक म्हटले आहे. म्हणजे स्कॉटलंडमध्ये वाढलेली डॉक्टरीणबाई सुश्रुताचेच औषध नव्या सुईने टोचत होती. १९३२ मध्ये त्या वारल्या.

इतक्या लांबून या बाई इथे का आल्या, याचे उत्तर बायबलमध्ये आहे. वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थाने १८६९ मध्ये अंबाल्याला कुष्ठरुग्ण पाहिले आणि १८७४ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी जगभर काम करणारे मिशन स्थापन केले. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना या रुग्णांना शुद्ध करण्याची आज्ञा देतो. मिशनच्या माणसांनी ती स्वतःला लागू मानली. हा बायबलचा एक उपयोग. दुसरा उपयोग त्याच पुस्तकाच्या लेवीय नावाच्या भागातून झाला. रुग्णाने फाटके कपडे घालावेत, केस मोकळे सोडावेत, तोंडाचा खालचा भाग झाकावा, आपण अशुद्ध आहोत असे ओरडत जावे आणि छावणीबाहेर एकटे राहावे, असे तिथे सांगितले आहे. आपल्याकडची या रोगाची भीती बायबलने आणलेली नाही, ती आधीपासून होती. पण ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या मनात त्या जुन्या भीतीला शास्त्राचा आधार मिळाला. हा आधार खरा आहे का, हे तपासायचे तर त्या अध्यायांत नेमके काय लिहिले आहे ते पाहावे लागते.

लेवीयाचे तेरावे आणि चौदावे अध्याय फार कमी लोक सलग वाचतात. कंटाळवाणे आहेत, हे कबूल. याजकाने चट्टा कसा तपासावा, केस पांढरे झालेत का, चट्टा कातडीपेक्षा खोल दिसतो का, सात दिवस थांबून पुन्हा कसे पाहावे, असे कलमामागून कलम येते. गळवाच्या जागी आलेला चट्टा, भाजल्याच्या जागी आलेला चट्टा, डोक्यातली किंवा दाढीतली खाज, टक्कल, सगळ्याचा विचार आहे. या सर्वांना मूळ हिब्रूत एक शब्द आहे, त्साराअथ. मराठी बायबलांत त्यासाठी महारोग आणि कुष्ठरोग हे दोन्ही शब्द आले आहेत.

आता आपल्याला ठाऊक असलेला कुष्ठरोग आठवावा. चट्ट्याला स्पर्श कळत नाही. नसा जाड होतात, बोटे वाकतात, भाजले-कापले तरी समजत नाही म्हणून जखमा चिघळतात आणि बोटे झडतात, डोळ्याची पापणी मिटत नाही. यातले एकही लक्षण लेवीयात नाही. तपासणारा याजक चट्टा बघतो, बधिरपणा विचारत नाही. उलट तिथे अशा गोष्टी आहेत ज्या कुष्ठरोगात होऊच शकत नाहीत. त्साराअथ लोकरीच्या कपड्याला होते, तागाच्या कापडाला होते, कातड्याच्या वस्तूला होते. घराच्या भिंतीलाही होते. हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले तर दगड काढून टाकायचे, गिलावा खरवडायचा, आणि पुन्हा उमटले तर घर पाडायचे. ओल लागलेल्या भिंतीवरची बुरशी पावसाळ्यात ज्याने पाहिली आहे त्याला हे वर्णन कशाचे हे सांगावे लागत नाही. सात-सात दिवसांच्या अंतराने तपासणी, हाही मुद्दा आहे. कुष्ठरोगाचा चट्टा आठवड्याभरात काही सांगत नाही. तो वर्षानुवर्षे सावकाश चालणारा आजार आहे.

याहून विचार करायला लावणारी दोन कलमे आहेत. ज्याचे अंग डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले आहे तो शुद्ध, असे तेराव्या अध्यायात म्हटले आहे. रोग पसरण्याची भीती हा नियमाचा पाया असता, तर सर्वांत जास्त पसरलेला माणूस मोकळा सुटला नसता. आणि चौदाव्या अध्यायात, याजक घर तपासायला येण्यापूर्वी घर रिकामे करावे, म्हणजे आतल्या वस्तू अशुद्ध ठरणार नाहीत, असे आहे. रोगजंतू याजकाची वाट बघत नाहीत. याजकाने तोंडाने ‘अशुद्ध’ म्हटल्यावरच वस्तू अशुद्ध होते, त्याआधी नाही. म्हणजे हा वैद्यकाचा ग्रंथ नाही. देवापुढे, मंडपात, कोणाला यायची मोकळीक आहे आणि कोणाला नाही, याचा तो हिशेब आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्रग्रंथात या विषयावर एक संपूर्ण प्रकरण आहे, नेगाईम नावाचे. त्यात नवरदेवाच्या अंगावर चट्टा दिसला तर लग्नाचे सात दिवस तपासणी पुढे ढकलावी, असे सांगितले आहे. सणातही तसेच. ज्यांचे हे शास्त्र होते त्यांना त्यात संसर्ग दिसत नव्हता, हे यावरून स्पष्ट आहे.

बायबलच्या कथांतही तेच दिसते. अरामाचा सेनापती नामान याला त्साराअथ आहे, पण तो सैन्य चालवतो, घरी बायकोबरोबर राहतो आणि देवळात त्याचा राजा त्याच्याच हातावर रेलतो. मोशेचा हात छातीवर ठेवून काढताच पांढरा होतो आणि पुन्हा ठेवून काढताच बरा होतो. मिर्यामेला सात दिवस छावणीबाहेर ठेवले जाते आणि ती परत येईपर्यंत सगळी छावणी मुक्काम हलवत नाही. (मोशेविरुद्ध बोलण्यात तिच्याबरोबर तिचा भाऊ अहरोनही होता, चट्टे मात्र एकट्या मिर्यामेला उठले. या असमानतेवर प्रवचन केलेले मी अजून ऐकलेले नाही.)

मग हा गोंधळ झाला कसा? इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी आपले शास्त्र ग्रीकमध्ये आणले. त्साराअथसाठी त्यांनी ‘लेप्रा’ हा शब्द घेतला. ग्रीक वैद्यकात लेप्रा म्हणजे खवले सुटणारे, पापुद्रे निघणारे कातडीचे दुखणे. निवड वाईट नव्हती. खऱ्या कुष्ठरोगाला ग्रीक वैद्य वेगळे नाव देत, हत्तीवरून आलेले. पुढे अरबी वैद्यांनी कुष्ठरोगाचे उत्तम वर्णन ‘जुझाम’ या नावाखाली केले. अकराव्या शतकात ते ग्रंथ लॅटिनमध्ये येताना जुझामला ‘लेप्रा’ म्हटले गेले. तोपर्यंत लॅटिन बायबलातही लेप्रा होतेच. वैद्याच्या पुस्तकातला झडलेल्या बोटांचा रुग्ण आणि याजकाच्या पुस्तकातला चट्टेवाला, दोघे एका नावाखाली आले ते असे. ११७९ च्या लॅटरन परिषदेने या रुग्णांना स्वतंत्र चर्च आणि स्वतंत्र दफनभूमी ठेवू द्यावी असा ठराव केला. ते दयेपोटी होते, कारण तोवर त्यांना काहीच मिळत नव्हते. पण वेगळेपणावर शिक्काही बसला. त्याच मध्ययुगात उलटे वाचनही झाले, हे सांगितले पाहिजे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या दुःख सोसणाऱ्या सेवकाला जेरोमने लॅटिनमध्ये कुष्ठरोग्याची उपमा दिली होती. तो सेवक म्हणजे ख्रिस्त, असे मानणाऱ्यांना मग प्रत्येक रुग्णात ख्रिस्त दिसू लागला, आणि राजघराण्यातल्या स्त्रिया रुग्णांचे पाय धुऊ लागल्या.

पुरातत्त्वाचा पुरावा आपल्या मुलखाकडे बोट दाखवतो. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा सापडल्या. २००९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. जेरुसलेमजवळच्या एका थडग्यातला असाच पुरावा पहिल्या शतकाचा आहे. आजार आपल्याकडे जुना आणि तिकडे उशिरा पोचलेला, असेच हे चित्र दिसते.

आपल्याकडच्या शब्दांचाही असाच प्रवास झाला. सुश्रुताने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यात आज आपण गजकर्ण म्हणू, सोरायसिस म्हणू, अशी दुखणी सामावतात. म्हणजे जुने संस्कृत कुष्ठ हे हिब्रू त्साराअथच्या फार जवळ होते. ‘महारोग’ तर आणखी मजेदार आहे. वाग्भटाने आठ महारोग मोजले आहेत. त्यात कुष्ठाबरोबर वातव्याधी आहे, मुतखडा आहे, मेह आहे, उदर आहे, भगंदर आहे, ग्रहणी आहे, आणि मूळव्याधही आहे. मराठीत येता येता आठांपैकी सात गळून पडले आणि महारोग एकट्या कुष्ठाला चिकटला. कुष्ठही अठरांवरून एकावर आले. हिंदीतला ‘कोढ’ आणि मराठीतला ‘कोड’ एकाच मुळाचे. तिकडे तो कुष्ठरोग आहे, इकडे पांढरे डाग. पांढरे कोड असलेल्या मुलीचे लग्न का मोडते, याचा थोडा उलगडा या शब्दाच्या भाऊबंदकीत आहे. आमच्या तालुक्यात मराठीबरोबर तेलुगू चालते; तेलुगूत कुष्ठरोगाला ‘पेद्द रोगम’ म्हणतात, म्हणजे मोठा रोग. शब्द वेगळा, धाक तोच.

मराठी बायबलचे काम सुरू झाले ते श्रीरामपूरला, बंगालमध्ये. विल्यम केरीने नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी शिकून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार छापला, मोडी अक्षरांत. याच केरीने १८१२ मध्ये कटवा येथे एका कुष्ठरुग्णाला जिवंत जाळल्याचे लिहून ठेवले आहे. तो खड्ड्यातून वर यायला धडपडत होता आणि घरचीच माणसे त्याला आत ढकलत होती. या देहाला असे मरण आले तर पुढचा जन्म निरोगी मिळेल, अशी समजूत. अशा प्रसंगांनी हादरलेला भाषांतरकार लेवीय वाचताना त्यात आपल्यासमोरचाच रोगी पाहील, यात नवल काही नाही. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार काढला, भाषांतरे सुधारत गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत एकटीने संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मराठी शब्दाला चिकटलेले जुने अर्थ शुभवर्तमानात शिरू नयेत, ही त्यांची काळजी होती. मराठी बायबलच्या वाचकाने ही काळजी वारसा म्हणून घेण्यासारखी आहे. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हा मराठवाड्यातल्या पुष्कळांनी बायबल हेही मराठीचे पुस्तक आहे हे प्रथम लक्षात घेतले.

भाषांतर एकदा रुळले की ते व्यासपीठावर जाते. सीमेवरच्या एका छोट्या मंडळीत मी काही वर्षांपूर्वी रविवारच्या उपासनेला बसलो होतो. उपासना निम्मी मराठी, निम्मी तेलुगू. उपदेशकाने लेवीयाचा तेरावा अध्याय घेतला आणि पाप म्हणजे आत्म्याचा महारोग, या ठरलेल्या वाटेने निघाला. महारोग जसा आतून सडवतो तसे पाप सडवते. महारोग जसा एकाचा दुसऱ्याला लागतो तसे पाप लागते. महारोग्याला जसे बाहेर काढावे लागते तसे पाप्याला. उपदेशक तरुण होता, मनाने चांगला होता, आणि शिकवलेले बोलत होता. भिंतीकडेला मागे एक म्हातारा बसला होता. त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. प्रभुभोजनाच्या वेळी त्याने प्याला दोन्ही तळव्यांत धरला, आणि तो सर्वांत शेवटी आला. त्याला कोणी शेवटी थांबायला सांगितले नव्हते. त्याने ते स्वतःच ठरवले होते, किती वर्षांपूर्वी कोण जाणे.

या रूपकात एक साधी चूक आहे. उपदेशक पापाचे वर्णन करायला रोग वापरतो, पण ऐकणारा उलटे ऐकतो. रोग म्हणजे पाप, असे त्याला ऐकू येते. बायबलात मिर्याम, गेहजी, उज्जीया राजा यांना त्साराअथ शिक्षा म्हणून आले, हे खरे. पण नामानाला ते कोणत्याही अपराधाविना आहे, आणि शोमरोनाच्या वेशीबाहेर बसलेले चार रुग्ण तर वेढा उठल्याची बातमी आणून उपाशी शहर वाचवतात. तेरावा अध्याय कोणत्याही रुग्णाला काय पाप केलेस असे विचारत नाही. याजकाने तपासायचे ते कातडे.

रूपकाचे परिणाम रूपकापाशी थांबत नाहीत. १८९८ चा लेपर्स कायदा रुग्णांना वेगळे काढण्यासाठी होता. तो २०१६ मध्ये रद्द झाला. ख्रिस्ती विवाहांच्या बाबतीत गोष्ट अधिक बोचणारी आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे कारण नव्हते. २००१ मध्ये, ख्रिस्ती स्त्रियांनी अनेक वर्षे मागितलेली समानता देण्यासाठी, तो कायदा सुधारला गेला. सुधारणा हवीच होती. पण नव्या कारणांच्या यादीत ‘उग्र आणि बरा न होणारा’ कुष्ठरोगही बसला, इतर धर्मीयांच्या कायद्यांत तो होता म्हणून. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्येच केली होती. सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, आणि औषध सुरू होताच संसर्ग थांबू लागतो. बरा होणारा रोग एकोणीस वर्षांनी ख्रिस्ती कायद्यात ‘बरा न होणारा’ म्हणून शिरला. विधी आयोगाच्या २०१५ च्या २५६ व्या अहवालाने ही कलमे काढायला सांगितली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम व विशेष विवाह कायद्यांतून ती गेली. अठरा वर्षे ते कलम कायद्यात होते. त्या काळात किती मंडळ्यांनी त्यावर काही बोलले, हा प्रश्न मी ज्या ज्या उपदेशकांना विचारला त्यांना कलम आले तेही माहीत नव्हते आणि गेले तेही.

मार्काच्या पहिल्या अध्यायात एक रुग्ण येशूपुढे गुडघे टेकतो. बहुतेक हस्तलिखितांत येशूला त्याचा कळवळा आला असे आहे. पाचव्या शतकाच्या सुमाराच्या बेझा हस्तलिखितात मात्र त्याला राग आला, असे आहे. कोणता पाठ मूळचा? राग खोडून कळवळा घालण्याचा मोह नकलकाराला होईल. कळवळा खोडून राग कोण घालील? म्हणून काही अभ्यासक राग हाच मूळ पाठ मानतात, आणि मलाही तेच पटते. राग त्या माणसावर नसावा, कारण पुढच्याच क्षणी येशू हात लांब करून त्याला स्पर्श करतो. न शिवता बरे करणे त्याला जमत होते, दुसरीकडे त्याने तसे केले आहे. मग त्याला याजकाकडे पाठवतो, शास्त्राप्रमाणे अर्पण करायला सांगतो. म्हणजे बरे होणे पुरेसे नाही. ज्याने बाहेर काढले त्याच्याच तोंडून परत घेतल्याचे वदवून घ्यायचे आहे. प्रसंग संपतो तेव्हा तो माणूस गावात मोकळा फिरत आहे, आणि येशूला उघडपणे गावात जाता येत नाही, तो ओसाड जागी राहतो. दोघांनी जागा बदलल्या आहेत.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला हा भाग दुसऱ्या कोणाहीपेक्षा लवकर कळायला हवा. इथल्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक मांग आणि महार समाजांतून आलेले, मांजरेपलीकडे मादिगा आणि माला समाजांतून. छावणीबाहेर हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागत नाही. गावकुसाबाहेरचे घर त्यांच्या आज्याने पाहिलेले असते. ‘अशुद्ध’ म्हणजे विटाळ, आणि विटाळ म्हणजे काय हे चोखोबांच्या अभंगांपासून मराठीला ठाऊक आहे. त्साराअथसाठी नवा मराठी शब्द शोधताना अडचण इथेच येते. इंग्रजीत गुड न्यूज बायबलने भयंकर त्वचारोग अशा अर्थाचा शब्द घेतला, न्यू इंटरनॅशनल व्हर्शनच्या २०११ च्या आवृत्तीने लेवीयात अशुद्ध करणारा त्वचारोग असा. मराठीत ‘विटाळाचा चट्टा’ म्हटले तर मूळ अर्थाच्या फार जवळ जाते, पण तो शब्द उच्चारताना उपदेशकाची जीभ अडखळेल. अडखळू द्यावी, असे माझे मत आहे. ‘त्वचारोग’ हा शब्द दवाखान्यातला आहे. तो कोणाला दुखावणार नाही, पण तेराव्या अध्यायात काय चालले आहे हेही सांगणार नाही.

याला एक आक्षेप आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. अलेक्झांड्रियातल्या भाषांतरापासून सुरू झालेली ही गफलत झालीच नसती, तर युरोपातल्या चर्चमधल्या माणसाला हिंदुस्थानातल्या रुग्णात शुभवर्तमानातला रुग्ण दिसला असता का? बेलींना वर्गणी मिळाली असती का? केरबाई डिचपल्लीला आल्या असत्या का? बहुधा नाही. आपल्या लोकांनी हे काम हाती घेतले ते उशिरा. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये, आणि बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये निघाली. तोवर पुष्कळ दवाखाने मिशनचेच होते. चुकीच्या शब्दाने दवाखाने बांधले. पण रुग्णाला त्याच शब्दात कोंडून ठेवण्याचे काम त्यानेच केले, आणि दवाखान्याचे काम आता गोळ्या करतात. कोंडण्याचे काम करायला शब्द अजून मोकळा आहे. १९४८ मध्ये हवानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘लेपर’ हा शब्द टाकून द्यायला सांगितले. रॉबर्ट कॉक्रेन हे दक्षिण भारतात बरीच वर्षे काम केलेले कुष्ठरोगतज्ज्ञ आणि श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनी १९६१ मध्ये बायबलातला कुष्ठरोग वेगळा आहे हे सांगणारी पुस्तिका लिहिली. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. बधिर चट्टा घेऊन माणूस लवकर दवाखान्यात गेला तर बोटे वाचतात. उशिरा जातो तो बहुतेक वेळा लाजेपोटी.

तेव्हा मंडळ्यांनी एवढे करावे असे मी सुचवीन. तेरावा अध्याय वाचायचा तर चौदाव्यासकट वाचावा. तेराव्यात माणूस बाहेर जातो, चौदाव्यात तो परत येतो, आणि परत येण्याचा विधी बाहेर जाण्यापेक्षा कितीतरी लांब आणि देखणा आहे. याजक स्वतः छावणीबाहेर त्याच्याकडे जातो. दोन पक्षी आणले जातात. त्यातला एक मोकळ्या रानात सोडून देतात. आठव्या दिवशी याजक त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला अर्पणाचे रक्त लावतो, मग त्याच जागी तेल लावतो. आधी आठव्या अध्यायात अहरोनाला आणि त्याच्या मुलांना याजकपदी बसवताना रक्त लावले ते याच तीन जागी. बाहेर काढलेला माणूस आत येतो तो याजकासारखा.

या विधीबद्दल मिश्नाच्या त्याच नेगाईम प्रकरणात शेवटाकडे एक प्रश्न आला आहे. ज्याला अंगठाच नाही, किंवा कान नाही, त्याचे काय? एक मत असे, की त्याला कधीच शुद्ध होता येणार नाही. रब्बी शिमोन म्हणतात, डाव्या बाजूला लावले तरी चालेल. रब्बी एलियेझर म्हणतात, अंगठा जिथे होता त्या जागेवर लावा, पुरे आहे.